सुटलेला म्हणजे सुटलेला

बाळा,

परवा फोनवर तू जे बोललास ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले, फोनवर तू घाईत असतोस आणि तिकडे धारवाडच्या हॉस्टेलात गोंगाट एवढा की माझं निम्मं तुला ऐकूच जात नाही. मूट कोर्टला, म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या सरावाच्या खटल्याला, अमेरिकेतल्या त्या फुटबॉल खेळाडू ओ. जे. सिम्पसनची केस आलीय, तू सरकारी बाजूने आहेस, सगळं चांगलंच. पण तू म्हणालास की एकदा सुटला होता, दुसऱ्यांदा सापडला तेव्हा कोर्टाने मागची बाकी वसूल केली, त्यात काय चुकलं? काय म्हणूलालास तू हे? तुझ्या तोंडून हे ऐकून मला वाईट वाटलं.

केस मीही वाचली सगळी. घटस्फोट घेतलेली बायको निकोल ब्राऊन आणि तिचा मित्र यांच्या खुनाच्या खटल्यातून ज्युरीने त्याला 3 ऑक्टोबर 1995 ला सोडलं, 1997 मध्ये सिव्हिल कोर्टाने त्याच मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरून 33.5 मिलियन डॉलर भरायला सांगितले, आणि सप्टेंबर 2007 मध्ये तो लास वेगासच्या एका हॉटेलच्या खोलीत माणसं घेऊन घुसला. माझ्याच वस्तू परत घ्यायला गेलो होतो म्हणाला, पण बरोबरच्या माणसांकडे बंदुका होत्या. बाराच्या बारा आरोपांत दोषी. निकालाची तारीख परत 3 ऑक्टोबर, साल 2008, म्हणजे बरोबर तेरा वर्षांनी, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटलं की देवानेच हिशोब केला. शिक्षा जास्तीत जास्त तेहतीस वर्षं, निदान नऊ वर्षं आत.

आता तो दोषी होता की नाही यावर मी वाद घालत नाही. खोलीतलं बोलणं रेकॉर्ड झालेलं होतं, पुरावा भक्कम होता. ज्युरी निवडताना 1995 च्या निकालाबद्दल विचारलंही होतं, आणि शिक्षा देताना जज जॅकी ग्लास यांनी मी जुन्या कशाचा बदला घ्यायला बसले नाही असं स्पष्ट सांगितलं. पण असं सांगावं लागलं, यातच सगळं आलं की रे. आणि तू ज्याच्याबद्दल एक शब्दही बोलला नाहीस तो सिम्पसनबरोबरचा आरोपी बघ. दोघांचा खटला एकत्र चालला, दोघेही दोषी ठरले, आणि 2010 मध्ये नेवाडाच्या सुप्रीम कोर्टाने सिम्पसनची शिक्षा कायम ठेवली पण या दुसऱ्याला नवा खटला दिला, कारण सिम्पसनच्या बदनामीचे शिंतोडे त्याच्यावर उडाले, त्याला वेगळं चालवायला हवं होतं. म्हणजे जुन्या सुटकेचा राग दुसऱ्या खटल्यात शिरू शकतो हे कुणी टीकाकार नाही, तिथलंच कोर्ट मानतंय. शेजारी बसलेल्याला त्याची झळ लागते तर ज्याचं नाव आहे त्याला अजिबात लागली नाही हे मला कुणी पटवून द्यावं.

मला वाटतं याचं एक कारण त्यांच्या पद्धतीतच आहे. तिकडे ज्युरीने सोडलं की सरकारला वर अपील नाही, आणि ज्युरी का सोडलं ते लिहूनही देत नाही, मग लोकांचा राग जाणार कुठं, तो पुढच्या केसची वाट बघत बसतो. आपल्याकडे बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटीला 1959 मध्ये मुंबईत ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, सेशन्स जजना तो निकाल पटला नाही, त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली, हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि 1961 ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. चूक झाली असं वाटलं तर त्याच केसमध्ये, वरच्या कोर्टात, उजेडात दुरुस्त करायची. आजही सुटकेविरुद्ध सरकार अपिलात जाऊ शकतं. ते केलं नाही, किंवा केलं आणि हरलं, तर मग विषय संपला, दहा वर्षांनी दुसऱ्याच केसच्या आडून तो परत काढायचा नाही. आणि जुन्या पुरावा कायद्याचं 54 कलम तू पाठच केलंयस, आरोपीचं आधीचं वाईट चारित्र्य एरवी पुराव्यात येतच नाही, नव्या कायद्यातही तेच ठेवलंय. शिक्षा झालेल्यालासुद्धा एवढं संरक्षण, मग सुटलेल्याला त्याहून कमी कसं?

तू म्हणशील आईला एवढं कशाला लागलंय. इथं बेळगावात चन्नम्मा सर्कलजवळ टायपिंगचं दुकान चालवते मी, रोज जामिनाचे अर्ज टाइप करते. मागे खानापूरकडचा एक माणूस आला होता, चोरीच्या केसमधून पूर्ण सुटलेला, आता नवीन केस लागलेली. पोलिसांनी जामिनाला जी हरकत घेतली होती ती कन्नडमध्ये होती, त्याला वाचता येईना म्हणून मी मराठीत सांगत गेले. तिसऱ्या पॅरात लिहिलेलं, आरोपीवर पूर्वी चोरीचा गुन्हा दाखल आहे. बस्स एवढंच, सुटला हे कुठंच नाही. तो माणूस मला दोनदा म्हणाला, बाई परत बघा, खाली कुठं तरी असेल. मी पान उलटून उलटून बघितलं. जामिनाला आधीच्या केसेस बघतात हे मला कळतं, पण मग पूर्ण लिहा ना. त्याच्या वकिलांना सांगून आम्ही जुन्या निकालाची सर्टिफाइड कॉपी मागवली आणि अर्जाला जोडली. गावात तर त्याला अजून संशयाचा फायदा घेऊन सुटलेला असंच म्हणतात, जसं काही अर्धाच सुटलाय. सिम्पसनकडे पैसा होता, मोठे वकील होते, याच्याकडे ती झेरॉक्स होती फक्त.

म्हणून तुझ्या सरकारी बाजूने भांड, जरूर भांड. पण रेकॉर्डिंगवर भांड, बंदुकांवर भांड, साक्षीदारांवर भांड. 1995 चा निकाल चुकीचा होता हे एकदाही म्हणू नकोस, समोरच्याने खोडी काढली तरी म्हणू नकोस. आणि त्या दुसऱ्या आरोपीचा मुद्दा तूच आधी घे, तो वेगळा का पडतो आणि सिम्पसनची शिक्षा तरीही का टिकली ते तूच सांग, नाहीतर समोरचा त्यावरच तुला धरणार.

मेमोरियल, तुझा तो लेखी युक्तिवाद, कच्चं असलं तरी शनिवारपर्यंत पाठव, टाइप मी करते, तू स्पेसिंग फार बिघडवतोस. बाबांनी कुंदा घेऊन ठेवलाय, कुणी तिकडे येणारं असेल तर पाठवते.

तुझी
आई