प्रमाणपत्र चाळीस तासांचं, नेव्हिगेशनची बोंब : एक्डिस कोर्सबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
एक्डिस प्रशिक्षण विभाग

विषय : एक्डिस कोर्सच्या दर्जाबाबत तक्रार आणि फेरप्रशिक्षणाची मागणी

महोदय,

आमच्या जहाजांवरचे डेक ऑफिसर एक्डिसच्या, म्हणजे जहाजाच्या इलेक्ट्रॉनिक चार्ट यंत्राच्या, जेनेरिक (कोणत्याही एका मॉडेलपुरता नसलेल्या) कोर्ससाठी आम्ही आपल्याकडे पाठवतो. हा कोर्स आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) मॉडेल कोर्स १.२७ नुसार, ४० तासांचा आहे, असं आपल्या माहितीपत्रकावर आणि प्रमाणपत्रावर दोन्हीकडे छापलेलं आहे. मी कंपनीत मरीन सुपरिंटेंडंट आहे. जहाजांवर जाऊन नेव्हिगेशन ऑडिट करणं हे माझं काम. अलीकडच्या ऑडिटमध्ये आपल्याकडून शिकून आलेल्या ऑफिसरांबरोबर ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) बसलो आणि जे पाहिलं, त्यामुळे हे पत्र लिहावं लागतंय.

याआधी ई-मेलने थोडक्यात कळवलं होतं. 'प्रशिक्षणार्थींचे अभिप्राय उत्तम आहेत' एवढंच उत्तर आलं. अभिप्रायाचा फॉर्म आपण प्रमाणपत्र हातात देण्याआधी भरून घेता. तिथे 'उत्तम' सोडून दुसरं कोण काय लिहिणार? म्हणून आता सविस्तर लिहितो.

एका जहाजावरचा प्रसंग सांगतो. बाकीच्या जहाजांवर तपशील बदलला, चित्र तेच होतं. पुढच्या सफरीचा पॅसेज प्लॅन (मार्गाचा आराखडा) तयार होता आणि सेकंड ऑफिसरला मी माझ्यासमोर रूट चेक (आखलेल्या मार्गावरचे धोके शोधणारी यंत्राची तपासणी) लावायला सांगितला. धोक्यांची यादी आली, पानंच्या पानं. त्याने ती झरझर खाली नेली, शेवटी 'ॲक्सेप्ट' दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. एकही ओळ वाचली नव्हती. विचारलं तर म्हणाला, "सर, एवढे अलर्ट येतातच. कोर्समध्ये सांगितलंय, शेवटी ॲक्सेप्ट करून सेव्ह करायचं." मग आम्ही दोघांनी यादी पहिल्यापासून वाचायला घेतली. फार खोल जावं लागलं नाही. एका लेगवर (मार्गाच्या एका टप्प्यावर) क्रॉस ट्रॅक लिमिटच्या, म्हणजे मार्गाच्या दोन्ही बाजूंना आखलेल्या पट्ट्याच्या, आत बुडालेल्या जहाजाचा सांगाडा होता आणि त्याच्यावरचं पाणी आमच्या सेफ्टी डेप्थपेक्षा (जहाजासाठी ठरवलेल्या सुरक्षित खोलीपेक्षा) कमी होतं. यादीत ते स्पष्ट लिहिलेलं होतं. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. मुलगा हुशार आहे, कामाचा आहे, त्याला दोष द्यायची माझी इच्छा नाही. त्याने शिकवल्याप्रमाणेच केलं.

दुसरा मुद्दा सेफ्टी कॉन्टूरचा, म्हणजे सुरक्षित आणि उथळ पाणी वेगळं दाखवणाऱ्या खोलीच्या रेषेचा आहे. त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. जहाजाचा ड्राफ्ट (पाण्याखाली असलेला भाग) ९.८ मीटर, स्क्वॉट (चालताना जहाज आणखी खाली बसतं ते) ०.७ आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे तळाखाली किमान १.५ मीटर पाणी. बेरीज १२ मीटर. म्हणून सेफ्टी कॉन्टूर १२ वर. इथवर आपल्या विद्यार्थ्यांना येतं, कारण ते सूत्र परीक्षेत विचारलं जातं. पण त्या भागाच्या इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये १२ मीटरची रेषाच नव्हती. १० ची होती, मग थेट २०. अशा वेळी एक्डिस पुढची खोल रेषा घेतं आणि २० मीटरची रेषा जाड करून दाखवतं. १० ते २० मधलं सगळं पाणी धोक्याच्या रंगात रंगतं, मग ते साडेदहा मीटर असो की सतरा. मी विचारलं, १२ टाकले असताना २० ची रेषा जाड का? उत्तर आलं, "डिस्प्लेची सेटिंग असेल सर."

पुढचं उत्तर याहून काळजीचं होतं. बंदराजवळ येताना या पट्ट्यातून जावंच लागतं आणि अलार्म सतत वाजतो. मग काय करता? "सेफ्टी कॉन्टूर १० करतो, मग शांत होतं." ९.८ ड्राफ्टच्या जहाजाला १० मीटरची रेषा! म्हणजे स्क्वॉट आणि तळाखालचं राखीव पाणी दोन्ही एका बटणात गेलं आणि जिथे जहाज टेकू शकतं तिथे यंत्र आता एक शब्द बोलणार नाही. हे करायला त्याला आपल्या इन्स्ट्रक्टरनेच दाखवलं होतं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या जहाजावरच्या थर्ड ऑफिसरनेही नेमकं तेच सांगितलं. दोघे वेगवेगळ्या बॅचचे आहेत, एकमेकांना ओळखतही नाहीत.

खरं शिकवायला हवं होतं ते असं. सेफ्टी कॉन्टूर हिशोबाने येईल तोच ठेवायचा. सेफ्टी डेप्थ १२ ठेवून स्पॉट साउंडिंग (चार्टवरचे खोलीचे सुटे आकडे) चालू करायचे, म्हणजे १२ आणि त्याहून कमी खोलीचे आकडे ठळक दिसतात. स्टँडर्ड डिस्प्लेमध्ये हे आकडे मुळात दिसतच नाहीत, हेही आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं. मग त्या आकड्यांवरून, सर्व्हेचा दर्जा बघून, कुठे जायचं नाही ती हद्द प्लॅनिंगच्या वेळीच हाताने आखायची आणि तिला अलार्म जोडायचा. भरतीचा फायदा घ्यायचा असेल तर तो प्लॅनमध्ये वेळेसकट लिहायचा, कॅप्टनची सही घ्यायची. याला वेळ लागतो, डोकं लागतं. बटण दाबून होणारं हे काम नाही.

सर्व्हेच्या दर्जाबद्दल बोलायचं तर 'कॅटझॉक' (चार्टमधली सर्व्हेच्या दर्जाची वर्गवारी) म्हणजे काय हे प्रत्येकाने घडाघडा सांगितलं. ए-१ पासून यू पर्यंत सगळे वर्ग पाठ. पण आमचा रूट ज्या भागातून जात होता तिथे 'सी' होता. त्याचा प्लॅनवर काय परिणाम झाला, असं विचारल्यावर शांतता. 'सी' मध्ये खोलीत २ मीटर अधिक खोलीच्या ५ टक्के इतकी चूक गृहीत असते. १५ मीटर पाण्यात ती पावणेतीन मीटर झाली, म्हणजे आम्ही तळाखाली राखलेल्या दीड मीटरपेक्षा जास्त. शिवाय जागेतही ५०० मीटरपर्यंत इकडेतिकडे. अशा भागात आपली बोट रेषेच्या किती जवळून न्यायची हा खरा प्रश्न, आणि तो वर्गात कुणी विचारलाच नाही.

आता आपण म्हणाल की जहाजावरच्या विशिष्ट मॉडेलची ओळख करून देणं ही मालकाची जबाबदारी. बरोबर आहे, ती आमचीच आहे आणि आम्ही ती पार पाडतो. मी वर जे लिहिलंय त्यातलं काहीही मॉडेलवर अवलंबून नाही. कोणत्याही कंपनीचं एक्डिस लावा, १० आणि २० मध्ये १२ ची रेषा उगवणार नाही.

या त्रुटींची किंमत काय असते हे आपल्याला माहीत असायला हवं. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाचे, म्हणजे एमएआयबीचे अहवाल सगळ्यांना खुले आहेत. मे २००८ मध्ये 'सीएफएल परफॉर्मर' हे जहाज हेझबरो सँडच्या वाळूवर चढलं. तेव्हा त्यावरच्या ऑफिसरांना एक्डिसचं प्रशिक्षणच नव्हतं. प्रशिक्षण द्या, हा धडा निघाला, आणि २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी एक्डिसचं कौशल्य एसटीसीडब्ल्यूच्या (नाविकांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) तक्त्यांत आलं. त्यानंतर १८ सप्टेंबर २०१३ ला 'ओव्हिट' हा केमिकल टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँकवर रुतला. त्याच्या ऑफिसरांचं प्रशिक्षण झालेलं होतं! रूट एका अननुभवी ज्युनिअर ऑफिसरने आखला होता, तो सरळ वाळूच्या दांड्यावरून जात होता आणि कुणी तपासला नव्हता. सेफ्टी कॉन्टूर चुकीचा होता, अलार्मचा आवाज बंद होता. जहाज रुतलंय हे वॉचवरच्या (ब्रिजवर पाळीत असलेल्या) ऑफिसरला कळायला १९ मिनिटं लागली. मिळालेल्या प्रशिक्षणाने त्यांना यंत्र सुरक्षितपणे वापरण्याइतकी समज दिली नव्हती, असं अहवालात म्हटलं आहे. २०११ चं 'सीएसएल टेम्स' आणि २०१६ चं 'म्युरोस' यांचेही अहवाल वाचावेत. आपल्या वर्गात यातलं एकही प्रकरण घेतलं जात नाही, हे मी विद्यार्थ्यांकडून खात्री करून घेतलं आहे. त्याऐवजी मेन्यूंचे स्क्रीनशॉट दाखवले जातात.

तिसरी गोष्ट पोझिशनची. ऑडिटमध्ये मी म्हटलं, समजा जीपीएस गेलं. जॅमिंग (सिग्नल दाबणं) आणि स्पूफिंगच्या (खोटा सिग्नल देण्याच्या) बातम्या रोज येत असताना हा काही पुस्तकी प्रश्न राहिलेला नाही. बेअरिंग (खुणेची दिशा) घे, रडारची रेंज (अंतर) घे आणि एक्डिसवर हाताने पोझिशन टाकून दाखव. एक्डिसमध्ये ती सोय असणं बंधनकारक आहे. मेन्यू शोधण्यातच इतका वेळ गेला की तोवर बेअरिंग शिळं झालं. रडार ओव्हरले (चार्टवर रडारचं चित्र) लावून किनाऱ्याची रेघ चार्टशी जुळते का हे पाहणं, पॅरलल इंडेक्सिंग (रडारवर समांतर रेषेने मार्गापासूनचं अंतर राखणं), डेप्थ साउंडर चार्टशी ताडून बघणं हे सगळं 'माहीत आहे सर' या सदरात. करून कुणी पाहिलेलं नाही. पडद्यावरचं छोटं जहाज जिथे आहे तिथेच आपण आहोत, अशी पक्की श्रद्धा घेऊन मुलं आपल्याकडून बाहेर पडतात. खिडकीतून बाहेर बघायचं असतं हे मला ऑडिटमध्ये सांगावं लागलं.

आपल्या केंद्राबद्दलही सांगतो. मध्यंतरी मी भेटीला आलो होतो, चहापान उत्तम झालं. सिम्युलेटर रूममध्ये एकेका स्टेशनवर तिघे बसले होते. माउस एकाच्या हातात, दुसरा बघतोय, तिसरा फोनमध्ये. स्टेशनच्या 'अबाउट' पानावर प्रेझेंटेशन लायब्ररी (चार्ट पडद्यावर कसा दाखवायचा त्याचे नियम) ३.४ होती. सप्टेंबर २०१७ पासून जहाजांवर ४.० आहे. अलार्म कशाला द्यायचा आणि धोक्याची वस्तू पडद्यावर कशी ठळक करायची, यात दोन्हींत फरक आहे. मुलं जुन्या पडद्यावर सराव करतात आणि नव्यावर वॉच ठेवतात. २०२६ पासून एस-१०० या नव्या इलेक्ट्रॉनिक चार्ट मानकाची एक्डिस वापरायला मुभा आहे आणि २०२९ पासून नव्याने बसणारी प्रत्येक एक्डिस त्याच मानकाची असावी लागेल. त्याची तयारी काय, असं विचारल्यावर 'सिलॅबसमध्ये आलं की बघू' असं उत्तर मिळालं. आणि ४० तासांचं म्हणाल तर शेवटच्या दिवशी दुपारच्या आत परीक्षा, फोटो आणि प्रमाणपत्र उरकून सगळ्यांना मोकळं केलं जातं. प्रमाणपत्रावरचा आकडा मात्र हलत नाही.

परीक्षा म्हणजे चार पर्यायांचे प्रश्न. त्याने पोपटपंची तपासली जाते. एक रूट द्या, त्यात मुद्दाम चुका पेरा. चुकीचा सेफ्टी कॉन्टूर, अपडेट न झालेली सेल (इलेक्ट्रॉनिक चार्टचा एक तुकडा), उथळावरून गेलेला लेग, मोठ्या स्केलचा चार्ट असताना लहान स्केलवर केलेली तपासणी. विद्यार्थ्याला एकट्याला बसवा आणि शोधायला लावा. शोधता आलं नाही तर नापास करा. नापास विद्यार्थी परत आला तर आमची अजिबात तक्रार नसेल, उलट आपल्यावरचा विश्वास वाढेल.

आमची मागणी अशी. सोबतच्या यादीतल्या ऑफिसरांना आपण वेगळी फी न घेता पुन्हा बोलवावं, प्रत्येकाला स्वतंत्र स्टेशन द्यावं आणि वर सांगितली तशी प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. इन्स्ट्रक्टर असा असावा की ज्याने एक्डिस असलेल्या जहाजावर स्वतः वॉच ठेवली आहे. आत्ताचे एक गृहस्थ ज्ञानी आहेत, मी त्यांचा आदर करतो, पण त्यांनी बोट सोडली तेव्हा ब्रिजवर कागदी चार्ट होते. सेफ्टी कॉन्टूर खाली आणून अलार्म गप्प करायला नेमकं कोण शिकवतं याची चौकशी करून आम्हाला लेखी कळवावं. हे शिकवणं आजपासून बंद व्हायला हवं. बाकी मुद्द्यांवर थोडं थांबायची आमची तयारी आहे. सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर कधी बदलणार तेही कळवावं.

पंधरा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास किंवा पुन्हा अभिप्रायांची सरासरी आल्यास, हा कोर्स ज्या सागरी प्रशासनाने मंजूर केला आहे त्यांच्याकडे हेच पत्र अहवालांसह पाठवलं जाईल. पुढच्या बॅचमध्ये आमच्यासाठी राखून ठेवलेल्या जागा तोपर्यंत रद्द समजाव्यात. फेरप्रशिक्षण ठरलं तर पहिल्या दिवसापासून शेवटच्या तासापर्यंत आमचा एक कॅप्टन वर्गात मागे बसेल, त्याच्यासाठी खुर्ची ठेवावी.

कळावे,

आपला,
मरीन सुपरिंटेंडंट, नेव्हिगेशन

सोबत : फेरप्रशिक्षणासाठीच्या ऑफिसरांची यादी, ऑडिट अहवालातले संबंधित उतारे, रूट चेकच्या यादीची प्रत