कोरा चार्ट हातात देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुम्ही आमच्या लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरना शिकवायला आलात त्या दुपारी आम्ही बाराजणी सेमिनार रूममध्ये बसलो होतो आणि निम्म्याजणींचं लक्ष दाराकडे होतं. सकाळची ड्युटी संपवून आलेल्यांना घर दिसत होतं, दुपारच्या ड्युटीवाल्यांना वॉर्ड. फळ्यावर 'स्वतःची काळजी' हे शब्द वाचले तेव्हा मला वाटलं, आता डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगतील आणि तासाभराने जातील. तुम्ही पिशवीतून आमच्याच वॉर्डातल्या इनटेक-आउटपुट चार्टचा गठ्ठा काढलात, प्रत्येकीच्या हातात एकेक कोरा चार्ट दिलात आणि म्हणालात, "आजच्या ड्युटीचा भरा. पेशंटचा नाही, स्वतःचा."

केमो चालू असलेल्या मुलाच्या पोटात किती मिली गेलं, लघवी किती झाली, उलटी कितीदा झाली, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्या दिवशी माझ्या स्वतःच्या चार्टवर सकाळी साडेसात ते दुपारी दोन या वेळात एकच नोंद झाली: पाणी, अंदाजे दीडशे मिली. आउटपुटच्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं. शेजारच्या सिस्टरने माझ्या कागदाकडे पाहिलं, मी तिच्या. एखाद्या मुलाचा असा चार्ट दिसला असता तर आम्ही ताबडतोब डॉक्टरांना फोन लावला असता. हे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत. त्याची गरजच पडली नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. ते सगळ्यांसमोर मानते आहे, कारण लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काम करणाऱ्या, पण तुमच्यासारखं कुणी भेटलं नाही अशा खूपजणी असतील, हे मला ठाऊक आहे.

मी त्या सत्राला का आले, हे तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं होतं. केमो देण्याआधी दोन सिस्टर स्वतंत्रपणे तपासणी करतात: मुलाचं नाव, औषध, डोस, आणि ते कुठल्या मार्गाने द्यायचं ते. व्हिन्क्रिस्टीनसारखं औषध शिरेतूनच द्यायचं असतं, चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर मूल हातचं जातं. एका रात्री ड्युटीवर सिरिंजवरचं लेबल माझ्यासमोर होतं, मी "बरोबर" म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं की मी त्यातलं एक अक्षरही वाचलं नव्हतं. नजर लेबलवर होती, तोंडाने शब्द निघाला होता, मी मात्र तिथे नव्हते. औषध बरोबर होतं, सोबतच्या सिस्टरने नीट वाचलं होतं. मी पुन्हा वाचलं, मगच औषध दिलं. पण सकाळी घरी गेल्यावर मला झोप लागली नाही. अकरा वर्षांच्या नोकरीनंतर मी निष्काळजी झाले, असं मनाने पक्कं धरलं होतं.

सत्र संपल्यावर जिन्याजवळ तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही मला "असं होतं कधीकधी" म्हणून सोडून दिलं नाहीत, याबद्दल तुमचे खास आभार. तुम्ही विचारलंत, "शेवटची सलग दोन दिवस सुट्टी कधी घेतलीत?" मला आठवेना. मग तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसून मला बर्नआउट म्हणजे काय ते समजावलंत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या आपल्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली, आणि तीही आजार म्हणून नाही तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न हाताळल्यामुळे होणारी गोष्ट म्हणून. त्याच्या तीन खुणा: अंगातलं त्राण जाणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. थकवा मला माहीत होता. पण दुसरी खूण ऐकली आणि मी गप्प झाले. त्याच दिवशी पुढच्या ड्युटीला हँडओव्हर देताना मी म्हटलं होतं, "आठ नंबरला ताप आहे, पांढऱ्या पेशींचे काउंट कमी आहेत." आठ नंबर. ती मुलगी आठ महिने आमच्याकडे येत होती. पोर्टमध्ये, म्हणजे औषध देण्यासाठी छातीच्या कातडीखाली बसवलेल्या डबीत, सुई घालताना ती "तीन म्हटल्यावर" म्हणायची आणि स्वतःच आकडे मोजायची, कधी दोनवर बराच वेळ थांबायची, आणि मीही थांबायचे. तिचं नाव मला माहीत नव्हतं असं नाही. ते तोंडात येईनासं झालं होतं.

'कम्पॅशन फटिग', म्हणजे दुसऱ्यांचं दुःख सतत सोसून येणारा थकवा, हा शब्द नर्सिंगमध्ये 1992 साली कार्ला जॉइनसन नावाच्या एका नर्सनेच आणला, हेही तुम्ही त्या दिवशी सांगितलंत. मला त्याचा फार आधार वाटला. हे दुखणं बाहेरच्या कुणी आमच्यावर चिकटवलेलं नव्हतं. आमच्यातल्याच एकीने ते ओळखून त्याला नाव दिलं होतं.

तुम्ही शिकवलेलं सगळं मला जमलं, असं नाही. डायरी लिहिणं माझ्याच्याने झालं नाही. स्नायू एकेक करून आवळायचे आणि सैल सोडायचे तो व्यायाम नाइटनंतर झोपताना कधी करते, कधी त्याआधीच डोळा लागतो. पण हात चोळण्याची तुमची युक्ती माझ्या अंगवळणी पडली. "आम्हाला वेळ नाही" असं आम्ही सगळ्याजणी एका सुरात म्हणालो होतो. त्यावर तुम्ही विचारलंत, "हँडरब लावल्यावर हात किती वेळ चोळता?" वीस ते तीस सेकंद, उत्तर पाठच होतं. "आणि एका ड्युटीत किती वेळा?" ते कुणी मोजलेलंच नव्हतं. प्रत्येक मुलाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, सलाइनच्या लाइनला हात लावण्याआधी. "मग हा वेळ तुमच्याकडे आहेच," तुम्ही म्हणालात. "एवढ्यात खांदे खाली सोडा, श्वास सावकाश बाहेर टाका, आणि पुढच्या मुलाचं नाव मनात घ्या." मुलाचं नाव घेणं तुम्ही माझ्याकडे पाहून जोडलंत, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता मूल गेल्यानंतरच्या त्या मिनिटाबद्दल. हे लिहिताना आजही हात थांबतो.

मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार बहुतेकदा दोन-तीन वर्षं चालतात. एवढ्या काळात मुलाचे दुधाचे दात पडतात, नवे येतात, गेलेले केस परत येतात, आणि ते सगळं आमच्यासमोर होतं. असं मूल गेलं की पूर्वी काय व्हायचं, तुम्ही विचारलंत तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहिलं. नोंदी पूर्ण करायच्या, आईवडिलांजवळ उभं राहायचं, आणि तेवढ्यात शेजारच्या बेडवर काउंट कमी असलेल्या मुलाला ताप चढलेला असायचा. त्याचं अँटिबायोटिक तासाभराच्या आत जायलाच हवं. म्हणून डोळे पुसून तिकडे धावायचं. मी नवीन असताना एका वरिष्ठ सिस्टरने सांगितलं होतं, रडायचं असेल तर बाथरूममध्ये, वॉर्डात नाही. त्यांनाही तेच कुणीतरी सांगितलं असणार.

जोनाथन बार्टेल्स या अमेरिकेतल्या नर्सने सुरू केलेली थांबण्याची पद्धत तुम्ही आम्हाला शिकवलीत. मूल गेल्यावर तिथे असलेल्या सगळ्यांनी मिनिटभर शांत उभं राहायचं, त्याच्या असण्याचा मान राखायचा, आणि त्याच्यासाठी झटलेल्यांचाही. मला वाटलं होतं, आईवडिलांना हे अवघड जाईल. चार महिन्यांपूर्वी पहाटे आमचा एक नऊ वर्षांचा मुलगा गेला. शेजारच्या बेडवरच्या मुलाची जबाबदारी दुसऱ्या सिस्टरने घेतली आणि मी त्याच्या आईवडिलांना विचारलं, "आपण सगळे थोडा वेळ त्याच्यासाठी शांत उभे राहू का?" वडिलांनी मान हलवली. रात्रीचे डॉक्टर, मी, वॉर्डातल्या मावशी, सगळे बेडभोवती उभे राहिलो. मॉनिटर बंद केला होता. मावशींनी हातातली बादली दाराबाहेर ठेवली आणि पदराला हात पुसून त्या आत आल्या. त्या मुलाशी गप्पा मारल्याशिवाय त्या कधी लादी पुसत नसत. पण असं मूल गेल्यावर अकरा वर्षांत त्यांना बेडजवळ उभं राहायला कुणी बोलावलं नव्हतं. मिनिट संपल्यावर आई म्हणाली, "तुम्हालाही तो आवडायचा ना?" मी हो म्हणाले आणि तिच्यासमोरच रडले. मग हात धुतले, आणि शेजारच्या मुलाकडे गेले, तेव्हा त्याचं नाव घेऊनच गेले.

आणखी एक गोष्ट तुम्ही हेरलीत, ती आमच्यातल्या कुणालाच सुचली नव्हती. जिथे पूर्ण उपचार मिळतात तिथे कॅन्सर झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. मग आम्हाला सगळं हातातून निसटतंय असं का वाटतं? कारण बरं झालेलं मूल वॉर्डात परत येत नाही. आजार उलटलेलं मूल तेवढं येतं. तुम्ही आमच्या इन्चार्ज सिस्टरना गळ घातलीत, की प्रत्येकीला महिन्यातून एकदा अर्धा तास फॉलोअपच्या ओपीडीत पाठवा. पहिल्याच वेळी एका उंच मुलाने मला हाक मारली. आवाज फुटलेला, मिसरूड फुटू लागलेलं. मी ओळखलंच नाही. त्याने शर्टाची कॉलर बाजूला करून पोर्ट काढल्याची खूण दाखवली, तेव्हा ओळखलं. त्या जागेचं ड्रेसिंग मी कितीदा केलं होतं.

आणि ताई, तुम्ही वरच्या साहेबांपुढे जे बोललात ते मी विसरणार नाही. अशा प्रशिक्षणांबद्दल माझ्या मनात राग होता, तो खोटा नव्हता: रोस्टरमध्ये माणसं कमी ठेवायची आणि सिस्टरना श्वास घ्यायला शिकवायचं, असंच मला ते वाटायचं. तुम्ही त्यांना सरळ सांगितलंत, "या बायकांना मी कितीही शिकवलं तरी एका नाइटला दोघींनी चौघींचं काम करायचं असेल तर त्याचा उपयोग नाही." खोलीत शांतता पसरली होती. लगेच सगळं बदललं नाही. पण आता जोड्या लागतात, एकीने दुसरीचे पंप आणि मुलं वीस मिनिटं सांभाळायची आणि दुसरीने वॉर्डाबाहेर जायचं. रात्रीच्या ड्युटीला एक सिस्टर वाढली आहे. अजून एक हवी आहे, आणि ती आम्ही दर बैठकीत मागतो. मागायचं असतं, हेही तुमच्याकडूनच शिकलो.

आमच्यातली एकजण तरीही नोकरी सोडून गेली. ती तुमच्या आठवणीत असेल, खिडकीजवळ बसली होती. तिने जाताना तुम्हाला निरोप द्यायला सांगितलं होतं की ती बरी आहे आणि तिला झोप लागते.

येत्या मंगळवारपासून वॉर्डात तीन नव्या सिस्टर रुजू होत आहेत आणि त्यांचा पहिला दिवस माझ्याकडे आहे. केमोची तपासणी, पोर्टची सुई, तापाचा पहिला तास, हे सगळं शिकवायचंच आहे. त्याआधीसाठी स्टोअरमधून तीन कोरे इनटेक-आउटपुट चार्ट आणून माझ्या लॉकरमध्ये ठेवले आहेत.

तुमची,
बालकॅन्सर वॉर्डातली एक सिस्टर