हिमशिल्पाला एक रात्र द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा आला की वृत्तपत्रांतून पांढऱ्याशुभ्र शिल्पांची छायाचित्रे येऊ लागतात आणि त्यांच्याखाली बहुधा ‘बर्फाची शिल्पे’ एवढीच ओळ असते. गोठलेल्या पाण्याची पारदर्शक लादी आणि आभाळातून भुरभुरत येणारे हिम या दोहोंना मराठीत आपण बर्फच म्हणतो, त्यामुळे ती ओळ चुकीची म्हणता येणार नाही. परंतु लादीतून छिन्नीने कोरलेले बर्फशिल्प आणि हिम दडपून घडवलेले हिमशिल्प या दोन अगदी निराळ्या कला आहेत. पहिलीला धारदार हत्यारे आणि सरावलेला हात लागतो. दुसरी मात्र लहान मुलांपासून आजीपर्यंत सारे घर मिळून करू शकते, आणि तिच्याविषयी आपल्या भाषेत फारसे लिहिले जात नाही म्हणून हे पत्र.

हिम पडणाऱ्या प्रदेशात राहायला आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि सासूबाई अशा पाच जणांनी अंगणात हत्ती करायला घेतला होता. हिम गोळा करून लगेच कोरायला बसलो, आणि दुपार संपण्याआधी सोंड व एक कान गळून पडला. धाकट्या मुलाला रडू आवरेना. त्या दिवशी आमच्यात कलेची उणीव नव्हती, आम्ही थांबलो नव्हतो एवढेच. पण हे कळायला आणखी एक हिवाळा जावा लागला.

हिमाचे कण दाबले गेले की एकमेकांना टेकतात, टेकलेल्या जागी त्यांच्यात बारीक सांधे धरतात आणि तापमान शून्याखाली असतानाही हे सांधे तासातासाने जाड होत जातात. बर्फाचे दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकवले तरी ते जोडले जातात, याकडे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी 1850 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात लक्ष वेधले होते. म्हणूनच पहिल्या दिवशी केवळ ठोकळा तयार करावा आणि कोरण्याचे काम दुसऱ्या दिवसावर ठेवावे. फळ्यांचा किंवा जाड पुठ्ठ्याचा चौकोनी साचा उभा करून त्यात वीतभर हिम टाकायचे, पायांनी तुडवायचे, मग पुढचा थर द्यायचा. तुडवण्याचे काम मुलांच्या अतिशय आवडीचे असते आणि जमीन ठोकण्याचे धुम्मस मारण्यापेक्षा ते चांगले होते. ताज्या हिमाचे वजन घनमीटरला बहुधा 50 ते 100 किलो असते, तर नीट तुडवलेले हिम 400 किलोच्या आसपास जाते. म्हणजे साच्यात मावेल त्याच्या चार ते आठ पट हिम आधी गोळा करावे लागते. हा हिशेब चुकला की ठोकळा अर्धाच राहतो आणि सगळ्यांचा उत्साह मावळतो.

हिम कामाचे आहे की नाही, हे मुठीत दाबून कळते. मूठ उघडल्यावर गोळा अखंड राहिला तर ते योग्य. पिठासारखे सुटले तर हवा फार थंड व कोरडी आहे. बोटांतून पाणी ठिबकले तर ते जरुरीपेक्षा ओले आहे. कोरड्या हिमानेही निराश होऊ नये. ते फावड्याने उलथेपालथे करून ढीग लावून ठेवले तर कण मोडतात, मिसळतात आणि काही तासांत ढीग आपोआप घट्ट होतो.

मातीच्या शिल्पात भर घालत जायचे असते, दगडाच्या शिल्पात काढून टाकत जायचे असते. हिम या दोन्ही गोष्टी करू देते, आणि मला त्याचे सर्वांत मोठे औदार्य हेच वाटते. चुकून जास्त कापले गेले तर पाण्यात भिजवलेल्या हिमाचा लगदा तिथे थापून धरावा, थंडी असेल तर तो थोड्याच वेळात घट्ट बसतो. कोरताना मात्र वरून खाली यावे, म्हणजे पडणारा चुरा झालेल्या कामावर साचत नाही आणि तळ अखेरपर्यंत भक्कम राहतो. मोठे काप करवतीने व फावड्याने घ्यावेत, बारीक कामाला उलथने आणि चमचे पुरतात.

पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही, हीच या कलेतील खरी अडचण. डोळा, नाकपुडी, कानाची घडी कागदावर काढतो तेवढीच उथळ ठेवली तर चार पावलांवरून काहीच उमटत नाही. खाच खोल हवी, म्हणजे तिच्यात सावली साचते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, प्रकाश तिरपा असताना, एका माणसाने दूर उभे राहून पाहावे आणि कुठे सपाट वाटते ते सांगावे. आमच्याकडे हे काम सासूबाईंचे असते. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही बसलेली म्हैस केली, तेव्हा ‘म्हैस बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, तुमचे पाय उलटे दुमडले आहेत’ हे त्यांनीच दाखवून दिले, आणि मुलांनी पाय थापून पुन्हा कोरले. सोंड, मान, पसरलेले पंख असे अधांतरी भाग नसलेली, तळाशी रुंद असलेली आकृती पहिल्या खेपेस घ्यावी असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

डोळ्यांच्या जागी कोळसे किंवा काळे खडे खोचण्याची पद्धत मी टाळते. गडद वस्तू ऊन शोषून तापते, भोवतीचे हिम वितळवते आणि एक-दोन दिवसांत गळून पडते. उत्तर गोलार्धात शिल्पाचा चेहरा उत्तरेकडे ठेवला तर तो अधिक दिवस टिकतो.

ही कला राजवाड्यातही गेली आहे. 1494 च्या जानेवारीत इटलीतील फ्लॉरेन्समध्ये मोठे हिम पडले, तेव्हा त्या शहराचे सत्ताधीश पिएरो दे मेदिची यांनी तरुण शिल्पकार मायकेलअँजेलोकडून वाड्याच्या चौकात हिमाची मूर्ती करवून घेतली होती. पण मला अधिक जवळची वाटते ती जपानमधील सप्पोरोची गोष्ट. तिथे 1950 साली शाळकरी विद्यार्थ्यांनी ओदोरी उद्यानात सहा हिमशिल्पे उभारली आणि आज जगभर गाजणारा हिमोत्सव त्यातूनच वाढला. मुलांच्या हातांना यात किती वाव आहे, हे त्यावरून दिसते.

सुरक्षेबाबत मात्र अजिबात सवलत देऊ नये. रस्ता मोकळा करणाऱ्या यंत्राने कडेला लोटलेल्या ढिगात मुलांना कधीही काम करू देऊ नये, कारण चालकाला ती दिसत नाहीत. ढिगात भुयार खणणे तर त्याहून घातक आहे. वर सांगितलेले 400 किलो आठवावेत, असे छत कोसळले तर आतल्या मुलाला श्वास घेण्यापुरतीही जागा उरत नाही. सुती हातमोजे ओले होऊन थंडी वाढवतात, म्हणून लोकरीचे किंवा पाणी न शिरणारे घ्यावेत आणि कोरडी दुसरी जोडी खिशात असावी. बोटे बधिर व पांढरी पडली तर ताबडतोब घरात जाऊन ती कोमट पाण्यात धरावीत, चोळू नयेत, आणि बधिरता गेली नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

आपल्याला माझी विनंती अशी की, छायाचित्रांखाली ‘हिमशिल्प’ आणि ‘बर्फशिल्प’ हे दोन शब्द वेगळे वापरावेत, आणि हिवाळ्याच्या आरंभी मुलांच्या पानावर साचा, थर व एक रात्रीची प्रतीक्षा यांची माहिती रेखाचित्रांसह द्यावी. आता थोरलीने या वर्षासाठी मांडी घालून बसलेल्या आजीचे चित्र काढले आहे, आणि पदराची घडी किती खोल कोरावी यावर घरात चर्चा चालू आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक