जहाजाची तारीख

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तू विचारलंस, दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजाची एक तारीख लावायला इतके दिवस कसे लागतात. नीट सांगते.

पंचांगात तिथी भरदुपारीही बदलते ना, तसा पूर्वी जहाजावरचा दिवस दुपारी बाराला बदलायचा. सूर्य माथ्यावर आला की अक्षांश मोजायचा आणि वहीत नवी तारीख घालायची. म्हणून वहीतली 17 तारखेची दुपार ही आपली 16 ची दुपार. सकाळ मात्र दोन्हीकडे 17 चीच. ब्रिटिश नौदलाने ही रीत 1805 मध्ये सोडली. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, म्हणून रशियन तारीख असेल तर एकोणिसाव्या शतकासाठी आणखी 12 दिवस मिळवायचे. रशियाच्या बेलिंग्सहाउझेनला अंटार्क्टिकाचा बर्फकिनारा दिसला तो दिवस कोणी 27 जानेवारी 1820 धरतात, कोणी 28. इंग्रजांच्या ब्रान्सफील्डला जमीन दिसली 30 जानेवारीला. अंतर एवढं थोडं, म्हणून एका दिवसाचीही चूक मला चालत नाही.

बाबा, रेखांशाचं तुम्हाला लगेच कळेल. मोजणीदाराने हद्दीचा दगडच चुकीचा धरला तर सगळे धुरे सरकतात. फ्रेंच जहाजं पॅरिसपासून मोजायची, आणि पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला 2 अंश 20 मिनिटं. हे न बघता नकाशावर टिंब दिलं तर 60 अक्षांशावर जहाज सुमारे 130 किलोमीटर सरकतं. शिवाय वाऱ्याची दिशा म्हणजे तो येतो ती, प्रवाहाची म्हणजे तो जातो ती. होकायंत्राची उत्तर दिशाही खरी उत्तर दिशा नव्हे. त्या जागी, त्या वर्षी सुई किती कलत होती ते आधी काढावं लागतं.

लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारात नौदलाच्या कॅप्टनच्या वह्या एडीएम 51 या क्रमांकाच्या संग्रहात आहेत, मास्टरच्या एडीएम 52 मध्ये. मास्टर म्हणजे जहाजाचा मार्ग सांभाळणारा अधिकारी. कॅप्टनची वही बरेचदा त्याच्याच वहीवरून उतरवलेली असते, त्यामुळे दोन्हींत एकच मजकूर सापडला तरी मी त्याला दोन साक्षी मानत नाही. जिथे त्या जुळत नाहीत, तिथेच जास्त वेळ थांबते. पाठीशी संस्था नसल्याने पानांच्या प्रतींचे पैसे माझेच. म्हणून आधी सूचीतून जहाज आणि वर्षं पक्की करते, मगच मागवते.

पोळ्याला येईन तेव्हा एक पान मोठ्या अक्षरात छापून आणते. बाबा, पंचांग काढून ठेवा; शेजारी ठेवून दाखवते.

तुमची,
ताई