बाथहून पत्र

प्रिय मित्रा,

काकांच्या ऑफिसातच बसायचं की आपलं वेगळं काढायचं, हा तुझा घोळ वाचला. मी काय सांगणार? पण दोन दिवस इंग्लंडमधल्या या बाथमध्ये हिंडताना सारखा तू आठवत होतास. या गावाचा चेहरामोहराच मुळी एका आर्किटेक्ट बापलेकाने घडवलाय. दोघांचंही नाव जॉन वुड, म्हणजे पाटी बदलायचाही खर्च नाही!

थोरल्याने १७५४च्या फेब्रुवारीत ‘सर्कस’ची, म्हणजे गोल चौकाभोवतीच्या घरांची, पायाभरणी केली आणि मे महिन्यात तो गेला. मुलगा तेव्हा जेमतेम पंचविशीतला. बापाचं अर्धं राहिलेलं ते वर्तुळ त्यानेच पुरं केलं. घरांच्या तीन वळणदार रांगा, तीन मजल्यांवर तीन तऱ्हेचे खांब : खाली डोरिक, मग आयोनिक, वर कोरिंथियन. देखणं आहे, नाही कशाला म्हणू, पण मधोमध उभं राहिलं की सगळी घरं आपल्याकडेच टक लावून बघतायत असं वाटतं. आता निदान मोठी झाडं तरी आहेत. मुळात तिथे नुसती फरसबंदी होती.

तिथून ब्रॉक स्ट्रीटने चालत गेलं की धाकट्याचं स्वतःचं काम, रॉयल क्रेसेंट : चंद्रकोरीसारखी घरांची एक रांग. ३० घरं, ११४ खांब. बापाच्या वर्तुळाची एक बाजूच त्याने काढून टाकली आणि समोर हिरवं कुरण मोकळं सोडलं. मी तिथे तासभर गवतावर बसून होतो.

मागे जाऊन बघितलंस तर हसशील. दर्शनी भिंत वुडची, तिच्यामागचं घर ज्याने त्याने आपापल्या मर्जीने बांधलेलं. कुठे छप्पर वर, कुठे खिडकी खाली, नुसता गोंधळ.

मला खरा भावला तो त्याचा १७८१चा उद्योग : मजुरांच्या घरांच्या नकाशांचं पुस्तक. त्यासाठी तो स्वतः त्यांच्या खोपटांत जाऊन आला. घरात ओल नको, खोली १२ फुटांहून रुंद नको, घरं जोडीने बांधावीत म्हणजे अडीनडीला शेजारी धावेल. थोरल्याला प्राचीन दगडी वर्तुळं मोजायचं वेड. त्याच्या हातून हे झालं असतं असं मला वाटत नाही.

धाकटा गेला तेव्हा डोक्यावर भरपूर कर्ज होतं. हे मात्र काकांना सांगू नकोस.

क्रेसेंटच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवतोय. पुढच्या बाजूचे त्यांनी पाहिलेच असतील.

तुझाच