समुद्र मोकळा? कुणी पाहिला?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

समुद्रातल्या पवनचक्क्यांवरचा कालचा लेख वाचला. मन्नारच्या आखातातल्या समुद्रगायी, प्रवाळ, गुजरातकडचे फ्लेमिंगो, सगळ्यांची विचारपूस केलीत, बरं वाटलं. गुजरातच्या पिपावाव बंदरासमोरच्या जागेविषयी मात्र एकच ओळ: वारा चांगला, पाणी उथळ, समुद्र मोकळा. मोकळा असेल नकाशावर! बाजूलाच जाफराबादचे डोलकर, म्हणजे डोल जाळ्यानं मासळी धरणारे, आहेत, आणि बोंबील काही गुजरात-महाराष्ट्राची हद्द बघून पोहत नाही.

डोल जाळं म्हणजे टेबल-खुर्ची नव्हे. ते एका जागी पक्कं बांधलेलं असतं, भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आत शिरते. काही वर्षांमागे तेल शोधणारं एक सर्वेक्षण जहाज आमच्या कवींवर, म्हणजे डोल बांधायच्या ठरलेल्या जागांवर, आलं, मागे लांबच लांब केबल. सोबतच्या बोटीवरून भोंग्यात हुकूम, ‘जाल हटाओ!’ हटवणार कसं? कापलं गेलं. भरपाईच्या अर्जाला म्हणे जाळ्याची पावती जोडा. अहो, जाळं घरी जोडतात. दोर एका दुकानाचा, बोये दुसऱ्याचे, खोला (जाळ्याच्या टोकाची पिशवी) वडिलांच्या वेळचा. पावती कुणाची आणू? अर्ज अजून विचाराधीन आहे. विचार खोल चालला असावा.

आता हे पवनचक्क्यांचे खांब. पावसाळ्यात आपल्या बाजूचा समुद्र कुणाला उभं राहू देत नाही, म्हणजे तळात खांब ठोकायचं काम उघडिपीतच होणार. तोच आमचा हंगाम. 1 जून ते 31 जुलै माशांच्या विणीसाठी बोटी आम्ही ओढून ठेवायच्या आणि नंतर ह्यांनी घण घालायचा! जर्मनीत खांब ठोकताना त्यापासून 750 मीटरवर आवाज किती असावा याला मर्यादा आहे, भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. इथे काय करणार, ते तुमच्या लेखात नाही. समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांभोवती 500 मीटर आम्हाला बंदी असते. तीच प्रत्येक खांबाला लावली तर उरतं काय? 2024 साली केंद्रानं समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी 7,453 कोटी मंजूर केले, त्यातले 600 कोटी दोन बंदरांना. मच्छीमाराचा रकाना लेखात तरी दिसला नाही.

वीज नको असं कोण म्हणतंय? बर्फाच्या कारखान्याचं बिल आम्हीही भरतो. पण जागा ठरवण्याआधी कवींचा नकाशा मागवा, तो बोट चालवणारा कोणताही तांडेल तोंडपाठ सांगेल.

जाता जाता: भरती-ओहोटीच्या वेळा छापणं तुम्ही का बंद केलंत? राशिभविष्य रोज येतं. निदान उधाणाच्या दिवसांत तरी छापा.

आपला,
एक मच्छीमार, सातपाटी (जि. पालघर)