घड्याळातली पाच मिनिटं

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "बाळंतपणात बाळाला इजा झाली म्हणजे डॉक्टरची चूक, इतकं सरळ असतं का?" नसतं. इथे इंग्लंडमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात: हयगय झाली, आणि इजा तिच्यामुळेच झाली. हयगयीला १९५७ च्या बोलम खटल्याची कसोटी लागते. त्याच शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला ते उपचार मान्य असतील, तर हयगय ठरत नाही. पुढे १९९७ च्या बोलिथो निकालाने बजावलं की त्या गटाचं मत तर्कालाही टिकलं पाहिजे. पण आम्हा दावा लढवणाऱ्यांचा खरा घाम निघतो तो दुसऱ्या गोष्टीपायी.

सीटीजी म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके कागदावर उमटवणारं यंत्र; त्याची पट्टी इथे मिनिटाला एक सेंटीमीटर सरकते. ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असावेत. नाळ दबली किंवा गर्भाशय फाटलं की ते एकदम कोसळतात आणि वर येत नाहीत. प्राणवायू जवळजवळ बंद झाला तर बाळ सुमारे दहा मिनिटं तग धरतं. मग दर मिनिटाला मेंदूची इजा वाढते. म्हणजे प्रश्न उरतो, बाळ किती मिनिटं आधी बाहेर यायला हवं होतं?

आणि इथेच घड्याळं दगा देतात. पट्टीवर ३.१२, मिडवाइफच्या नोंदीत ३.०७, ऑपरेशन थिएटरच्या संगणकावर तिसरीच वेळ! मग दोन्हीकडे नोंदलेली एकच घटना शोधायची, उदाहरणार्थ बाळाच्या डोक्याला ठोके टिपणारा इलेक्ट्रोड लावल्याची, आणि तिच्यावरून सगळ्या वेळा जुळवायच्या. त्यासाठी मूळ पट्टीच हवी. झेरॉक्समध्ये माप आकसतं, आणि थर्मल कागदावरची रेघ वर्षांनुवर्षं फिकी होत जाते, म्हणून रंगीत स्कॅन लवकर करून घ्यावा.

एमआरआय दुसरा साक्षीदार. मेंदूच्या आतल्या गाभ्याला इजा असेल तर शेवटच्या काही मिनिटांतला आघात, आणि कडेच्या सीमाभागात असेल तर बराच वेळ चाललेली प्राणवायूची ओढाताण, असा ढोबळ अर्थ लावतात. समोरची बाजू मग संसर्ग किंवा जनुकीय दोष पुढे करते. कधी कधी ते खरंही असतं, आणि तेव्हा दावा सोडावा लागतो.

आई, तुला वाटतं तसं कुणाला तुरुंगात धाडत नाहीत. हा दिवाणी दावा. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा; तिच्या वतीने एनएचएस रिझोल्यूशन ही संस्था तो लढते. मोठ्यांना तीन वर्षांची मुदत असते, मुलाला एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. उपचारांची कागदपत्रं एरवी महिन्याभरात फुकट मिळतात. दाव्याचं सविस्तर पत्र गेलं की समोरच्यांना उत्तराला चार महिने. सरकारी कायदेशीर मदत मात्र गरोदरपण, बाळंतपण किंवा जन्मानंतरच्या आठ आठवड्यांत मेंदूला इजा होऊन गंभीर अपंगत्व आलेल्या बाळांपुरतीच उरली आहे.

तडजोड झाली तरी मुलाच्या दाव्याला न्यायाधीशांची मंजुरी लागतेच. देखभालीचा मोठा हिस्सा बऱ्याचदा दरवर्षीच्या हप्त्यांनी, मूल हयात असेपर्यंत मिळतो. रकमेचा हिशेब लगेच होत नाही, कारण मूल चालेल का, बोलेल का हे कळायला काही वर्षं जातात. म्हणून आधी जबाबदारी ठरवून घ्यायची आणि अंतरिम रक्कम मागायची, म्हणजे घराचे दरवाजे तरी व्हीलचेअरपुरते रुंद करता येतात.

बाबा, पट्टी कशी वाचतात ते पुढच्या व्हिडिओ कॉलवर कागदावर काढून दाखवते.

तुमची लेक